सहा नंबरची किल्ली

१

चार नंबरच्या खिडकीला पडदे नव्हते. खोल्या रिकाम्या आहेत हे रस्त्यावरच्या कबुतरालाही कळत होतं. तरीसुद्धा भाड्याच्या घरांच्या विस्टेरिया हाउस या इमारतीचे मालक, थॅडियस विंगेट, अर्नेस्टीन बॅटिस्टला म्हणाले, "सगळं भरलंय, पोरी. देव तुझं भलं करो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच चार नंबरात एका गोऱ्या जोडप्याचा पलंग चढला. रात्रपाळी संपवून निघालेल्या अर्नेस्टीनने तो चढताना पाहिला, आणि घरचा रस्ता सोडून ती माझ्या केसांच्या दुकानात आली. डोक्यावरची नर्सची टोपीही न काढता खुर्चीत बसली.

"केस धुवायचेत?" मी विचारलं.

"नाही झेनोबिया, रडायचंय. पण केस धुताना रडलं की कुणाला कळत नाही. म्हणून धू."

मी धुतले. तेव्हा आमच्या गल्लीवरून नवा हमरस्ता जायचा होता, आणि पाडायच्या घरांच्या दारांवर पिवळ्या फुल्या पडल्या होत्या. अर्नेस्टीनच्या दारावरही एक होती. ऑगस्ट सरला की घर जाणार. पदरात दोन मुली. रात्रपाळी सुटली की चालत घरी पोचता येईल अशी एकच जागा सवाना शहरात होती, ती म्हणजे विस्टेरिया हाउस.

घर देताना काळा-गोरा पाहायचा नाही, हा कायदा होऊन चार वर्षं झाली होती. अर्नेस्टीनने वॉशिंग्टनला तक्रार केली. विंगेटसाहेबांचं उत्तर वर्तमानपत्रात छापून आलं, आणि सगळं शहर हळहळलं.

"कित्येक वर्षांपासून मी आंधळा आहे," त्यांनी म्हटलं होतं. "येणाऱ्या प्रत्येकाशी मी स्वतः बोलतो, माणूस पारखतो. समोर काळा आहे की गोरा, मला दिसतच नाही. न्यायदेवतेला डोळ्यांवर पट्टी बांधावी लागते. माझी देवानेच बांधली आहे."

यावर कुणी काय बोलणार?

२

सरकारने तपासाला पाठवलेल्या बाईचं नाव ओडेसा पेटवे. आमच्यातलीच, काळी, उंच, अलाबामातल्या नदीकाठची. हातात अंत्यविधीच्या दुकानाची जाहिरात छापलेला कागदी पंखा. माझ्या दुकानात बसून ती तासभर नुसता वारा घेत राहिली आणि गुणगुणत राहिली. आमच्याकडे कपडे धुताना बाया म्हणतात तेच:

*देवा, तुझ्या घरी म्हणती खोल्या आहेत भरपूर,*
*माझ्यापुरती एक ठेव गा, पुराच्या पाण्याहून दूर.*

मग तिने पंखा मिटला, आणि चर्चमधल्या बाया एकमेकींना हाक मारतात तशी म्हणाली, "सिस्टर झेनोबिया, नाटक करता येतं?"

"चर्चमध्ये दर नाताळात मीच मेरी होते. आता वजनामुळे उंट होते."

"मग जमेल."

तिची रीत सोपी होती. एकाच घरासाठी दोन माणसं पाठवायची. वय, नवऱ्याची नोकरी, बोलणं-चालणं सगळं सारखं, फरक फक्त रंगाचा. काळी मी. गोरी म्हणून ती मिसेस डोव्ही टार्पली हिला घेऊन आली. मेथडिस्ट चर्चमधली, तोंडाने फटकळ. आमचे दोघींचे बाप एकाच बांधाच्या अल्याड-पल्याड राबलेले. मी बोलले की तिला तिच्या शेजाऱ्यांची आठवण यायची, ती बोलली की मला माझ्या मावशीची. डोळे मिटून ऐकलं तर कोण कुठली, आमच्या आयांनासुद्धा सांगता आलं नसतं.

विस्टेरिया हाउसच्या ओसरीवर मिस विनिफ्रेड समरॉल बसायच्या. त्या कारभारीण. आवाज साखरेत घोळलेला. "ये गं, उन्हातून आलीस. आधी गार चहा पी. कागदी पेलाच बरा, नाही का? आत घेऊन जा, सावकाश पी, जाताना टाकून दे." मला वाटलं, बाई विचार करते. पुढे दालन. दालनाच्या टोकाला पांढरे हातमोजे घातलेले डीकन क्लिओफस रेनी. आमच्याच चर्चचे सेवक, पोटासाठी साहेबांचं दार उघडायच्या नोकरीवर. त्यांनी न बोलता दार उघडलं. आत अर्धा अंधार, पायाशी म्हातारा कुत्रा, आणि आरामखुर्चीत विंगेटसाहेब.

"नमस्कार, साहेब," मी म्हणाले.

"बस, पोरी," ते म्हणाले, आणि तिथेच मला कळलं, त्यांनी ओळखलं; या शहरात गोऱ्या बाईला कुणी पोरी म्हणत नाही. नवरा, चर्च, गाव, सगळं गोड बोलून विचारलं. शेवटी तेच. सगळं भरलंय, देव भलं करो.

माझ्यामागून डोव्ही गेली. तिला पाच नंबर मिळाला.

"बाईसाहेब म्हणाला मला!" ती बाहेर येऊन फणफणली. "माझा नवराही म्हणत नाही कधी!"

तर कोडं हे असं. खोलीत कुणी तिसरं नाही. कुणी काही सांगत नाही. मालकाला दिसत नाही. मग त्याला कळतं कसं?

माझ्या मनात पहिल्यांदा आलं केसांचं तेल. आमचे केस तापल्या फणीने सरळ करताना लागतं त्याचा वास लपत नाही. म्हणून दुसरी बाई पाठवली ती तेल न लावता, डोव्हीच्याच साबणाने न्हाऊन. तीही पोरी. मग पावलांचा आवाज असेल म्हणून सारखे बूट दिले. पोरीच. डोव्ही म्हणाली, "तो कुत्रा सांगत असेल." पण कुत्रा तर प्रत्येक वेळी घोरत होता.

उरलं एकच नाव. ते घ्यायला कुणाची जीभ रेटेना. शेवटी मीच घेतलं.

"दार उघडतात डीकन रेनी. एकदा खाकरलं तर गोरी, दोनदा खाकरलं तर काळी. सोपं आहे."

अर्नेस्टीन डोक्याला रुमाल गुंडाळून कोपऱ्यात बसली होती. "त्यांनी माझ्या दोन्ही पोरींच्या बाप्तिस्म्याचं पाणी धरलंय," एवढंच ती म्हणाली.

"रविवारी चर्चमध्ये कुणी त्यांच्या शेजारी बसणार नाही," मी म्हणाले.

आणि खरंच, कुणी बसलं नाही.

३

पेटवेबाई मात्र डीकनच्या बाकावर जाऊन बसली, आणि सोमवारी एकटीच विस्टेरिया हाउसला गेली. या वेळी नाटक नाही, सरकारी बिल्ला दाखवून, मालकाची रीतसर जबानी घ्यायला.

परत आली ती हसत. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, पंखा हातातून पडला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, 'बाईसाहेब, वॉशिंग्टनने निदान आपल्यातलं माणूस पाठवलं. तुम्हाला समजेल. त्या लोकांना एक खोली दिली की वर्षभरात सगळी इमारत त्यांची होते.'"

आम्ही दोघी तोंडात बोट घालून बसलो.

"तुला गोरी समजले?" डोव्ही ओरडली. "तुला?"

"अगदी खानदानी गोरी. माझ्या आजोळच्या कापसाची चौकशी केली." पेटवेबाईचं हसू हळूहळू मावळलं. "पण का? माझी बोली सिस्टर झेनोबियासारखीच. डोक्याला यांचंच तेल. कुत्र्याने माझा बूट चाटला आणि परत झोपला. दार डीकन रेनींनीच उघडलं, न खाकरता. तेल नाही, बूट नाहीत, कुत्रा नाही, डीकनही नाहीत. दाराच्या आतल्या सगळ्या गोष्टी सारख्या. म्हणजे फरक दाराबाहेर पडला. तुमच्या बाबतीत झालं नाही असं माझ्या बाबतीत काहीतरी झालं."

"तुझ्याकडे बिल्ला होता," मी म्हणाले.

"तो त्यांना दिसला नाही. मिस विनिफ्रेडला दिसला. बिचारी हबकली. कुठे बसवू, काय देऊ, असं झालं तिला." पंखा अर्ध्यात थांबला. "सिस्टर, तुम्हाला त्या ओसरीवर काय दिलं?"

"गार चहा. बर्फ घालून. एवढं मात्र करतात हं."

"कशात?"

मी सांगितलं. मग तिने डोव्हीला विचारलं, आणि डोव्हीने सांगितलं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. या गोष्टीबद्दल आमचं आजवर बोलणंच झालं नव्हतं. मला जे मिळालं होतं ते या शहरात इतकं रोजचं होतं की ते डोळ्यांना दिसायचंच थांबलं होतं.

पेटवेबाई उठली. आवाज खाली आणला, आमच्या कानांपाशी आली, आणि उद्या काय करायचं ते सांगितलं.

४

त्या आठवड्यात सहा नंबर रिकामा झाला होता, आणि दुसऱ्याच दिवशी अर्नेस्टीनच्या तक्रारीची कोर्टात सुनावणी होती. डोव्ही आणि मी एकाच वेळी ओसरीवर पोचलो, एकमेकींना न ओळखल्यासारख्या.

"एकदम दोघी!" मिस विनिफ्रेड म्हणाल्या. "या ना बाईसाहेब, बसा. तूही बस गं."

डोव्हीच्या हाती त्यांनी उंच काचेचा पेला दिला. पातळ कडा, पुदिन्याची पानं, आत बर्फाचे खडे. माझ्या हाती कागदाचा. मग म्हणाल्या, "आत बाकावर थांबा. साहेब बोलावतील."

दालनात ओसरीवरून दिसत नाही असा एक बाक आहे. आम्ही तिथे बसलो आणि पेले बदलले.

काचेचा पेला हातात येताच बर्फ वाजला. एवढासा आवाज, पण त्या शांत दालनात देवळाची घंटा वाजावी तसा. मी मान वर केली. डीकन रेनी आमच्याकडे पाहत होते. आधी माझ्या हातातल्या काचेकडे, मग डोव्हीच्या हातातल्या कागदाकडे. त्यांचा हातमोज्यातला हात दाराच्या मुठीवर होता. एक हाक मारली असती तर मिस विनिफ्रेड धावत आल्या असत्या. आणि या माणसाला रविवारी आम्ही एकटं पाडलं होतं.

त्यांनी दार उघडलं. मान किंचित लववली. "या, बाईसाहेब," ते आत ऐकू जाणार नाही इतक्या हळू मला म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा दार उघडताना ते बोलले असावेत.

मी चालले. प्रत्येक पावलाला पेला किणकिणला. विंगेटसाहेबांचं डोकं त्या आवाजाकडे वळलं, ऊन पडल्यावर सूर्यफूल वळतं तसं.

"बसा, बाईसाहेब, बसा. उन्हात आलात."

माझं गाव, माझं चर्च, नवऱ्याची नोकरी. तीच मी, तीच उत्तरं, तोच आवाज. त्यांनी टेबलावरची घंटी वाजवली. "मिस विनिफ्रेड! या बाईसाहेबांना सहा नंबरची किल्ली द्या."

माझ्यामागून डोव्ही गेली. थोड्याच वेळात बाहेर आली ती लालबुंद.

"सगळं भरलंय, पोरी," तिने दात-ओठ खाऊन सांगितलं. "पोरी! पन्नाशीच्या बाईला!"

"सवय होते," मी म्हणाले.

पण आनंद फार टिकला नाही. मला पाहून मिस विनिफ्रेड पांढऱ्याफटक पडल्या, आपल्या खोलीत धावल्या, दार लावून घेतलं. वकिलाला फोन गेला. मी किल्लीची वाट पाहत उभी. आता म्हणतील, चूक झाली, कालच दिली होती.

दार उघडलं. मिस विनिफ्रेड हसत होत्या. "अभिनंदन," त्या म्हणाल्या आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवली.

मी ती पेटवेबाईला दाखवली. तिचा चेहरा उतरला.

"त्यांचा वकील हुशार आहे," ती म्हणाली. "उद्या कोर्टात तो ही किल्लीच आपल्यावर फिरवणार."

५

आणि तसंच झालं.

"पाहा, न्यायमूर्ती महाराज!" वकील फाँटेन दोन्ही हात पसरून म्हणाले. "कालच माझ्या अशिलाने एका गोऱ्या बाईला नकार दिला आणि घर दिलं कुणाला? त्या तिथे बसल्या आहेत, त्या मिसेस झेनोबिया हॅचर यांना. याहून आंधळा न्याय तो कोणता? सरकारने त्यांची माफी मागावी."

मागच्या बाकांवर टाळ्या पडल्या. अर्नेस्टीनने माझा हात घट्ट धरला. महिनाअखेर जवळ आली होती. तिच्या शेजारचं घर पडलंही होतं.

सरकारी वकिलांनी न्यायाधीश हारग्रोव्ह यांच्या कानाशी काही सांगितलं. न्यायाधीशांनी दोन्ही बाजूंना आणि पेटवेबाईला आतल्या खोलीत बोलावलं. बाहेर आले तेव्हा फाँटेन मिशीतल्या मिशीत हसत होते.

"बेलाशक करा परीक्षा," जाता जाता ते पेटवेबाईला म्हणाले. "त्यांना कळू देणार नाही, शब्द देतो. त्यांनी काळी-गोरी ओळखून दाखवली तर मी पुन्हा वकिलीचं नाव घेणार नाही."

त्यांना पेल्याचं ठाऊकच नव्हतं. विस्टेरिया हाउसमध्ये त्याबद्दल कुणी कधी बोललंच नव्हतं, मग वकिलाला कोण सांगणार?

तोवर बाहेर थांबवलेले विंगेटसाहेब आत येऊन साक्षीच्या खुर्चीत बसले. न्यायाधीश म्हणाले, "फार उकडतंय. थोडं थांबू. सगळ्यांना पाणी द्या." पंखे घरघरत होते. शिपायाने माझ्या हाती काचेचा पेला दिला, बर्फ घातलेला. मी खुर्चीजवळ गेले.

"सुप्रभात, विंगेटसाहेब. काय उकाडा हा."

"सुप्रभात, बाईसाहेब!" ते अर्धवट उठलेच. "ऑगस्ट आहे, चालायचंच. घरची मंडळी बरी आहेत ना?"

मी बाजूला झाले. कागदी पेला घेऊन डोव्ही पुढे आली.

"सुप्रभात, विंगेटसाहेब. काय उकाडा हा."

"हं," ते म्हणाले, आणि पुन्हा पाठ टेकली. "काय हवंय गं पोरी? वकीलसाहेबांना विचार जा."

मग मागून कुणीतरी फिसकन हसलं. हसू बाकांवरून पुढे पुढे येत गेलं, आणि न्यायाधीशांनी हातोडा आपटेपर्यंत थांबलं नाही.

"काय झालं?" विंगेटसाहेबांनी मान इकडे-तिकडे वळवली. "कोण हसतंय?"

"मी सांगते, साहेब." पेटवेबाई उभी राहिली. "माझी आणि तुमची भेट झाली आहे. माझ्या आजोळच्या कापसाची तुम्ही चौकशी केली होती. ते आजोबा गुलामाचे नातू होते. तुमच्यासमोर बसलेली बाई काळी होती आणि तुम्हाला कळलं नाही. तेव्हापासून मी विचार करत होते, मी असं काय घेऊन आले होते की माझा रंगच बदलला?"

तिने माझ्या हातातला पेला घेतला आणि हवेत हलवला.

किण्. किण्.

आंधळ्या माणसाचा चेहरा त्या आवाजाकडे वळला. वळू नको म्हणत असावा, तरी वळलाच. सगळ्या कोर्टाने पाहिलं. न्यायाधीशांनी पाहिलं. आणि मग त्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"हा फक्त गोऱ्यांच्या हातात वाजतो," पेटवेबाई म्हणाली. "आम्हाला कागद मिळतो. कागद वाजत नाही. मला पाहून मिस विनिफ्रेड घाबरल्या. सरकारच्या बाईला कागदी पेला कसा द्यायचा? म्हणून घरातली काच बाहेर आली, आणि मी गोरी झाले. काल या दोघींनी पेले बदलले. बाकी काहीही बदललं नाही. आणि तुमचा निवाडा उलटा झाला. ती किल्ली न्यायाने दिली नाही साहेब, बर्फाने दिली."

"हा तर्क आहे!" फाँटेन उठले. "केवळ तर्क!"

"मला वाटलं, माझ्याच हातून अदलाबदल झाली!"

हे मिस विनिफ्रेड बोलल्या होत्या. त्या बाकावरून उठल्या होत्या, हातातला रुमाल पिळत होत्या. "रात्रभर झोपले नाही मी. साहेबांना सांगितलंसुद्धा नाही. त्यांच्या आईच्या वेळचे पेले आहेत ते. त्यांतून या लोकांना कसं देणार? आमच्या घरात नेहमीच वेगळे असतात. यात लबाडी कसली?"

"खाली बसा!" फाँटेन ओरडले. पण उशीर झाला होता.

"तेच तर म्हणते मी," पेटवेबाई हळुवारपणे म्हणाली. "तुम्हाला ती लबाडी वाटलीच नाही. फक्त गोऱ्यांसाठीच्या पाट्या तुम्ही उतरवल्या, अर्जांतून रंगाचा रकाना काढला, बोलणं मधाळ केलं. वकिलाने सांगितलं ते सगळं केलंत. पण सवयीला कुणी वकील लागत नाही, म्हणून तिला कुणी सावधही केलं नाही."

न्यायाधीशांनी स्वतःपुढचा पाण्याचा पेला बाजूला सरकवला. तो काचेचा होता. मग त्यांनी विचारलं, "मिस्टर विंगेट, त्या दोघींपैकी गोरी कोण होती, हे तुम्हाला आता तरी माहीत आहे का?"

विंगेटसाहेबांनी बर्फाचा आवाज शोधत कान टवकारले. पहिल्यांदाच ते खरे आंधळे दिसले.

६

निकाल त्याच दुपारी लागला. विस्टेरिया हाउसचं दार यापुढे सर्वांना उघडं. कुणाला ठेवायचं हे मालकाने ठरवायचं नाही, सरकारची माणसं वर्षानुवर्षं नजर ठेवणार. अर्नेस्टीन बॅटिस्टला आधी घर, आणि तिला परतवून लावलं त्याची भरपाई. कोर्टाच्या पायऱ्यांवर मी सहा नंबरची किल्ली तिच्या हातात दिली. किल्ली तोंडात धरून तिने दोन्ही मुलींना दोन हातांनी उचललं.

रविवारी चर्चमध्ये डीकन रेनींच्या बाकावर बसायला जागा मिळेना. मला तर पार भिंतीशी चेपून बसावं लागलं.

"सिस्टर झेनोबिया," ते पुढे बघतच पुटपुटले, "मी खाकरतो म्हणे."

"डीकन, मी मेले तरी..."

"मरू नका. सरका थोड्या. माझ्या टोपीवर बसलाय."

पुढच्या शनिवारी, पिवळ्या फुलीचं दार पडण्याआधीच, अर्नेस्टीनचं बिऱ्हाड सहा नंबरात गेलं. खिडकी पूर्वेला, विस्टेरियाची वेल चौकटीपर्यंत आलेली. सगळे आलो. डोव्ही आली, नवऱ्याला घेऊन, आणि दारातच त्याला म्हणाली, "मला बाईसाहेब म्हण, नाहीतर चहा मिळणार नाही." डीकन हातमोज्यांशिवाय आले. त्यांचे हात इतके रापलेले आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं. पेटवेबाईची गाडी संध्याकाळची होती. ती पंखा घेऊन खिडकीत बसली.

अर्नेस्टीनकडे एकसारखे पेले नव्हते. मुरंब्याच्या बरण्या होत्या, लोणच्याची बरणी होती, लग्नातला एक कंगोऱ्याचा पेला होता. पण सगळी काच. तिने बर्फाची लादी रुमालात गुंडाळून फोडली, चहा ओतला, आणि प्रत्येकाच्या हातात दिला. मुलींनाही दिला.

मग आम्ही हसलो तरी वाजलं. बोललो तरी वाजलं. डीकननी "आमेन" म्हणत हात वर केला, तेव्हा तर केवढ्याने वाजलं. पेटवेबाई गुणगुणू लागली. ओळी जुन्या नव्हत्या, तिने तिथेच जुळवल्या:

*एक खोली मिळाली गा, तिची खिडकी पूर्वेला,*
*बर्फ वाजतो पेल्यात, ऐक म्हणावं सूर्याला.*

खाली वेलीच्या सावलीत, म्हाताऱ्या कुत्र्याशेजारी, विंगेटसाहेब आपल्या खुर्चीत बसले होते. सहा नंबरची खिडकी बरोबर त्यांच्या डोक्यावर. मी वाकून पाहिलं. प्रत्येक किणकिणाटासरशी त्यांचं डोकं वर वळत होतं. आणि कोण काळं, कोण गोरं, आता त्यांना काही केल्या कळत नव्हतं.

"खिडकी लावू का गं?" मी अर्नेस्टीनला विचारलं.

"लावायची कशाला?" ती म्हणाली, आणि माझ्या बरणीत आणखी बर्फ टाकला.